अप्पांनी बंद केलेली गळती

झोपायच्या खोलीचं छत गळायला लागलं, पण गवंड्याला बोलावणं अप्पांना कमीपणाचं वाटलं. "गच्चीवर चढून कंबरडं कोण मोडून घेणार? पाणी आत येतंय ना, मग आतूनच बंद करू!" असं म्हणत त्यांनी छताखाली जाड प्लास्टिक ताणलं, चारही कडा पक्क्या चिकटवल्या आणि खालून पांढरेशुभ्र बोर्ड ठोकले. त्या दिवसापासून एक थेंब पडेल तर शपथ! बादल्या मोरीत परतल्या, सुनेने बाळाचा पाळणा पुन्हा त्या खोलीत आणला आणि अप्पा येईल त्याला दंडाला धरून छत दाखवू लागले.

आठव्या दिवशी, भर पावसात, त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या गवंड्यालाच आत ओढलं. "बघा मिस्त्री, तुमच्यावाचून काही अडलं का?"

मिस्त्री वर बघत राहिले. बोर्डांना मधोमध अप्पांसारखंच थोडं पोट सुटलं होतं.

"गच्चीवरची भेग बुजवलीत?"

"कशाला? आठ दिवस पावसाला खंड नाही, तरी खोली कोरडी ठणठणीत!"

पाळण्याशी बसलेल्या सुनेकडे वळताना मिस्त्रींचा आवाज एकदम खाली आला. "ताई, बाळाला उचला आणि बाहेर या. हळू. दार आपटू नका."

"अहो, घाबरवता काय तिला?" अप्पा हसले. "थेंब तरी पडतोय का कुठे?"



"तेच म्हणतोय, अप्पा. आठ दिवसांचं पाणी गेलं कुठे?"