लॉस्ट म्हणजे

आयसीयूचं दार उघडलं. "सॉरी, वी लॉस्ट हिम," शांताबाईंच्या सुनेला, दीप्तीला एवढं सांगून डॉक्टर मान खाली घालून निघून गेले.

बाकावरच्या शांताबाई ताडकन उठल्या. "लॉस्ट म्हणजे हरवले ना गं? एवढा धिप्पाड नवरा माझा, यांच्या हातून हरवला कसा? सकाळपासून चहा चहा करत होते. खाली टपरीवर गेले असतील. चल, बघू!"

दीप्तीने त्यांचा हात घट्ट धरला. "आई, लॉस्टचा दुसरापण अर्थ असतो हो..."

"ठाऊक आहे मला. तुझ्या लेकीकडून, दिशाकडून इंग्रजी शब्दांचे सगळे अर्थ मीच पाठ करून घेते ना!" शांताबाई पायात चप्पल सरकवत म्हणाल्या.

"पण दीप्ती, हरवलेल्या माणसाला शोधायला तरी जाता येतं गं."