सुभद्राबाईंची साक्ष

कर्जाच्या चिठ्ठीवरच्या रेव्हेन्यू तिकिटाचा उजवा कोपरा सुटला होता आणि तो आपण भाताच्या शिताने चिकटवला होता, इतकं बारीक सुभद्राबाईंनी नागपूरच्या कोर्टात सांगितलं. त्याच तिकिटावर बाबाराव आणि त्यांचा चुलतभाऊ रुपराव, दोघांनी मिळून कर्जाची सही केली होती. पैसे देणारे सुभद्राबाईंचे यजमान वारले, आणि चिठ्ठी हरवली.

"कागदच नाही त कर्ज कायचं?" रुपराव बाबारावांच्या कानाशी हसला. "तू फक्त चूप राय, भाऊ."

बाबाराव वर्षभर चूपच होते. उद्या खरं सांगू, असं मनाशी म्हणत होते.

बाबारावांच्याच वकिलाने सुभद्राबाईंना विचारलं, "चिठ्ठी ठेवलेल्या पेटीची किल्ली आणखी कोणाकडे होती?"

सुभद्राबाईंनी बाबारावांकडे पाहिलं. यजमानांच्या तेरवीच्या दिवशी विम्याचे कागद शोधायला त्यांनी ती किल्ली घरचा माणूस समजून बाबारावांच्या हाती दिली होती.

"कोणाकडेच नव्हती," त्या म्हणाल्या. "माह्याच हातून हरवली चिठ्ठी."

बाबारावांची मान खाली गेली. मग ते उठले. रुपरावने सदरा ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"साहेब, वहिनी खोटं बोलून राहिल्या. चिठ्ठी मी जाळली."