विसरलेला पदर

डॉक्टरांनी अहवाल पुढे सरकवला. प्रयोगशाळेत पाच गर्भ तयार झाले होते. त्यातले तीन निर्दोष, आणि दोन गर्भांत आईसारखाच जन्मजात बहिरेपणा.

आई होऊ घातलेली ती समोरच बसली होती. तिला ऐकू येत नसे, पण ओठ ती बिनचूक वाचायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिच्याविषयी काही बोलायचं झालं की सासूबाई तोंडाला पदर लावत आणि नवरा मान फिरवी. काय बोलत असतील, याच्या खोलात ती सात वर्षं शिरली नव्हती.

आज आनंदाच्या भरात सासूबाई पदर विसरल्या. किडकी वांगी बाजूला सारावीत तशा त्यांनी अहवालातल्या त्या दोन गर्भांच्या क्रमांकांवर लाल पेनाने फुल्या मारल्या आणि मुलाला म्हणाल्या, "हिच्यावर गेलेले दोन्ही फेकून द्यायला सांग. एक बहिरी गळ्यात पडलीय, तेवढी पुरे."

नवरा हसला. चांगले दात दाखवून हसला. मग गर्भरोपणाचं संमतीपत्र पुढे करत, तिच्याकडे वळून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आई म्हणते, देवाची कृपा. कर सही."

 शी! या असल्या ओठांवर आपण सात वर्षं डोळे लावून बसलो?

तिने तोच लाल पेन उचलला आणि संमतीपत्रावरच्या आपल्या छापील नावावर तशीच फुली मारली.

नवरा ताडकन उठून बोलू लागला. काय बोलतोय ते कळायला त्याच्याकडे बघावं लागलं असतं. तिने बघितलं नाही.