यंदा काय सोडलं

“रेवतीजी, जो भी मन में है, भाईसाहब को बता दीजिए। एक ही वाक्य सही,” समुपदेशक माथुर मॅडम म्हणाल्या होत्या, आणि रेवतीने त्यांना शब्द दिला होता.

आज आषाढी एकादशी. सकाळीच तिने देवाला तुळस वाहून चातुर्मासाचा संकल्प सोडला.

“यंदा काय सोडलंस?” बँकेत निघता निघता तिच्या नवऱ्याने, मुकुंदने विचारलं. “कांदा-लसूण, वांगं तर दरवर्षीचंच. म्हणजे चार महिने प्याज कचोरी मी एकट्यानेच खायची!”

“खा की,” ती हसली. “यंदा आणखी एक सोडलंय. पण ते देवालाच सांगितलंय.”

हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तिची आई आजारी होती तेव्हा मुकुंद म्हणाला होता, “मार्च एंड उरकू दे, मग दोघं सांगलीला जाऊ.” ते पोहोचले तेव्हा आई गेली होती. जयपूरला परत आल्यापासून रेवतीचं बोलणंच आटलं होतं.

“अगं, काय झालं?”

गेले तीन महिने तो हे रोज विचारायचा, आणि ती रोज म्हणायची, “काही नाही.” आत्ताही तेच दोन शब्द ओठांवर आले. पण यंदा देवापुढे तिने तेच तर सोडले होते.

तिने त्याच्या हातातली बॅग घेऊन सोफ्यावर ठेवली.

“बसा जरा,” ती हळूच म्हणाली. “मला तुमचा राग आलाय. चैत्रापासून.”