रायाप्पाच्या हाताची चाचणी

निकाली कुस्तीचे दोन्ही पैलवान लाल मातीत उतरले, पण रायाप्पाची हलगी वाजलीच नाही! त्याचा यांत्रिक उजवा हात काडी घेऊन जोरात खाली यायचा आणि चामड्यापासून बोटभर अंतरावर खाडकन थांबायचा.

“धडक टाळली आहे,” हात शांतपणे सांगायचा.

“अरे, धडकच मारायचीय मला!” रायाप्पा हातावरच खेकसला.

सकाळीच हाताची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड झाली होती. भाची सुगंधानं हात बंद करून चालू केला, बोटांचे सेन्सर पुसले, जुनी सिस्टीम परत टाकायला गेली, तर ती हातानं घेतलीच नाही. हात काही ऐकेना. मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. हलगीशिवाय पैलवान एकमेकांच्या मानेला हात लावायला तयार नव्हते.

सुगंधा मोबाइलवर दुरुस्तीचे पर्याय भराभर सरकवत होती. एकदम ती ओरडली, “मामा, सापडलं! हार्डवेअर चाचणी! यात हात कितीही जोरात आपटायची मुभा आहे. तू थांबलास की चाचणी संपणार!”

“मग थांबतोय कोण? लाव लवकर!”

हलगी कडाडली. पैलवान भिडले, अख्खं मैदान उठून उभं राहिलं. रायाप्पा घामाघूम होऊन, डोळे मिटून वाजवत राहिला. एक पैलवान चीतपट झाला, गुलाल उडाला, दुसरा लोकांच्या खांद्यावर चढला, तेव्हा कुठं रायाप्पा थांबला.

“चाचणी पूर्ण,” हात म्हणाला. “दोष आढळला नाही.”

रायाप्पानं काडी पुन्हा उगारली. “मला नाही पटत! सुगंधे, परत घे चाचणी!”