उंचावरून धार

चारही मासे पाण्याच्या पृष्ठभागाला टेकले होते आणि सिंधूच्या बोटांभोवती तोंडांची उघडमीट करीत होते.

“बगा बगा, जावईबापू!” शेळगावहून लेकीला भेटायला आलेले रावजी घोंगडीवरून उठून काचेच्या हौदाशी वाकले. “मुकी जात, पर मानूस वळखती. आमच्या गोठ्यात बी आसंच. ही दारात दिसली की समद्या गाई माना वर करायच्या.”

मोहनराव समाधानाने हसले. ते कालव्यावर इन्स्पेक्टर होते; वरचा साहेब बदलून पुण्याला गेला तेव्हा हौद आणि त्यातले सोनेरी मासे बारामतीच्या या घरात ठेवून गेला होता. “आक्का येवढं दीस करत हुती त्यांचं,” ते म्हणाले, “पर तिच्या हाताला कवा आलं न्हाय. मासोळीला बी नव्या मानसाचा लळा लागतोय म्हनायचा.”

माजघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या बनाबाईने, त्यांच्या थोरल्या बहिणीने, ते ऐकले. विधवा होऊन ती भावाकडे आली, तेव्हापासून हे घर तिच्याच हाताने चालत आले होते. मग भावजय म्हणून सिंधू आली. आधी कोठीच्या किल्ल्या गेल्या. मागच्या आठवड्यात मासेही गेले.

देताना तिने सारे नीट सांगितले होते. कणकेची गोळी मोहरीएवढी करायची. हौदावर ऊन येऊ द्यायचे नाही. एकच गोष्ट तिने हातची राखली, शेजारणीला मसाला सांगताना एखादा जिन्नस राखावा तशी. सकाळ-संध्याकाळ हौदातलेच पाणी तांब्याने उपसायचे आणि हात उंच करून बारीक धारेने परत सोडायचे. कोंडलेल्या पाण्यातला वारा संपतो, वरून पडणाऱ्या धारेबरोबर नवा आत जातो, असे साहेबाच्या खानसाम्याने तिला बजावले होते. मोहनराव त्या वेळी कालव्यावर असत. ती धार त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

मासे मरावेत असे तिला वाटले नव्हते. ते थोडे मलूल व्हावेत आणि मोहनने हाक मारावी, ‘आक्का, तूच बघ गं आता’, एवढेच तिने मनात धरले होते. मासे गुदमरले खरे. पण गुदमरून वर आले, आणि वर आले म्हणून सिंधूचे कौतुक झाले. तिने अडवून धरलेला श्वास दुसरीच्या ओटीत फुलासारखा पडत होता.

“वन्सं, या की,” सिंधूने हाक मारली. त्या आवाजात कसलाही डंख नव्हता, आणि तेच बनाबाईला सोसवेना. “बोटाला तोंड लावत्यात. गुदगुल्या हुत्यात नुसत्या.”

मोठा मासा एका कुशीवर कलला, सावरला, पुन्हा कलला. त्याचे कल्ले फाकून आतला लाल भाग उघडा पडला होता.

“लाडात आलाय गडी!” रावजी म्हणाले.

बनाबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. पाहुण्यांपुढे ठेवलेला पिण्याचा तांब्या तिने उचलला आणि हात डोक्याच्या वर नेऊन त्यातले पाणी हौदात सोडले. मग तोच तांब्या हौदात बुडवला, भरला, पुन्हा वर नेला. पाण्याखाली बुडबुड्यांचा पांढरा झुपका फुलत होता, विरत होता. मासे बिचकून कोपऱ्यांत पांगले.

“आक्का! पावन्याचा तांब्या हाय त्यो!”

तिने धार चालूच ठेवली. धारेचे कारण सांगायला एक वाक्य पुरले असते. पण त्या वाक्यामागून ‘मग हिला आधी का न्हाय सांगितलंस?’ हा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर तिला ठाऊक होते.

बराच वेळ धार पडत राहिली. तिचा दंड भरून आला, पदर भिजला. एकेक मासा खाली उतरला. मोठाही सरळ झाला आणि तळाशी संथ फिरू लागला. वरचे पाणी रिकामे झाले. सिंधूची ओली बोटे हौदाच्या काठावर तशीच राहिली.

“झालं समाधान?” मोहनराव आवाज दाबून म्हणाले. “बापाम्होरं पोरीचं येवढंसं कौतिक झालं, त्ये बी तुला बगवलं न्हाय.”

रावजींनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि ते अंगणाकडे पाहू लागले.

“आसू द्या,” सिंधू पुटपुटली. “वन्सं करत्यात ते बऱ्यासाठीच आसंल.” आणि भीत भीत तिने पुन्हा एक बोट पाण्यात घातले.

सगळ्यांत लहान मासा तळावरून वळला. घाई न करता, शेपटी हलवीत तो वर आला आणि तिच्या बोटापाशी थांबला. त्याचे तोंड मिटलेले होते. हा श्वासासाठी आला नव्हता.

बनाबाईने ते पाहिले. तांब्या भरलेलाच होता. तिने हात उंच केला आणि धार नेमकी त्याच जागी सोडली.