आमच्या विहिरीचं पाणी

"विहीर आटली जी, मॅडम. सून बाळंतपणातून उठली की तिले विहिरीचं पानी पुजा लागते. आमच्या विहिरीचं पानी यातल्या कोन्या पाइपात हाये?"

हळदकुंकवाचं ताट धरलेल्या सुनेला मागे उभी करून अनसूयाबाईंनी भूजल खात्याच्या पिंपळशेंडे मॅडमना नाल्याकाठीच गाठलं होतं. समोर तीन कोळसा खाणींचे तीन पाइप उपसलेलं पाणी धो धो ओतत होते.

सकाळपासून मॅडमचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिन्ही खाणींना उपशाची परवानगी त्यांनीच दिली होती. नियमाने एकेका खाणीचाच विहिरींवरचा परिणाम बघायचा. तो प्रत्येक वेळी किरकोळ निघाला होता. तिन्हींची बेरीज करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही केली नव्हती.

"तिन्ही पाइपांत आहे," आज त्यांच्या तोंडून निघून गेलं. "थोडं थोडं."

अनसूयाबाईंनी सुनेला पुढे केलं. पोरीनं वाकून एकेका पाइपाला कुंकू लावलं. तिसऱ्यापाशी ती ताटातलं उरलंसुरलं कुंकू वाहायला लागली, तशी सासूनं तिचा हात धरला.

"सारं सरवू नोको, पोरी. मॅडम आज चौथ्या खाणीसाठी आल्या हायेत."